१७ आणि १९: जुना ऑसिलोस्कोप संगणकाला जोडताना

माझ्याकडचा डिजिटल ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) जुना आहे. त्याला यूएसबी नाही, नेटवर्क नाही. मागे नऊ पिनांचं एक सीरियल पोर्ट तेवढं आहे. बरीच वर्षं मी पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून भागवलं. पण एका पॉवर सप्लायचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चालू होताना नेमका कसा भरतो हे मोजायचं ठरवलं आणि फोटोवर पट्टी ठेवून व्होल्ट वाचायचा कंटाळा आला. आकडेच हवे होते.

यूएसबी-ते-सीरियल अडॅप्टर आणला. (आणताना बघून घ्या: मायक्रोकंट्रोलरसाठी ३.३ किंवा ५ व्होल्टचे छोटे बोर्ड मिळतात, ते इथे चालत नाहीत. आरएस-२३२ ची, म्हणजे या जुन्या सीरियल पोर्टची, तार उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना जाते.) अडॅप्टरच्या २ आणि ३ नंबरच्या, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या, पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. टर्मिनलमध्ये टाइप केलेलं अक्षर परत उमटलं, म्हणजे संगणकाची बाजू ठीक. मग केबल लावली, वेग दोन्हीकडे ९६०० (सेकंदाला इतके बिट) ठेवला आणि ‘स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह’ ही ‘तू कोण?’ विचारणारी आज्ञा पाठवली. उत्तर नाही. त्या रात्री मी टर्मिनलच्या सेटिंगमधली दिसेल ती खूण लावून बघितली. त्यातली एक तशीच राहून गेली. तिच्याबद्दल पुढे.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत ठेवून मल्टिमीटर घेतला. सीरियल लाइन मोकळी असते तेव्हा पाठवणाऱ्या पिनेवर उणे व्होल्टेज असतं. अडॅप्टरच्या ३ आणि ५ मध्ये (५ म्हणजे ग्राउंड) मोजलं: उणे. स्कोपच्या ३ आणि ५ मध्ये मोजलं: तिथेही उणे. म्हणजे दोघेही ३ नंबरवरूनच बोलत होते आणि २ नंबरवर कान लावून बसले होते. माझी केबल सरळ होती. २ ला ३, ३ ला २ आणि ५ ला ५ अशी तीन तारांची उलटी केबल मी स्वतःच सोल्डर करून बनवली.

तरीही उत्तर नाहीच.

इथे मला जे सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. समोर चालू स्थितीतला ऑसिलोस्कोप असताना मी मल्टिमीटर घेऊन काय बसलोय? त्याचाच प्रोब (मोजायची टोकदार तार, सोबत ग्राउंडची क्लिप) त्याच्याच मागच्या केबलवर लावला. क्लिप ५ वर, टोक स्कोपच्या २ नंबरवर, ट्रिगर सिंगल, म्हणजे सिग्नल आला की एकदाच पकडून ठेवायचा. आज्ञा पाठवली आणि पडद्यावर बिट उभे राहिले. ९६०० ला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. स्टार या चिन्हाचा कोड ४२, बायनरीत ००१०१०१०, आणि शेवटचा बिट आधी जातो. या तारेवर ० म्हणजे वर आणि १ म्हणजे खाली. त्यामुळे अक्षराआधी येणारा स्टार्ट बिट धरून दोन बिटांइतका रुंद उंचवटा, मग एकाआड एक खाली-वर, शेवटी पुन्हा दोन बिटांचा उंचवटा. आज्ञा स्कोपच्या दारापर्यंत पोचत होती! प्रोब ३ वर नेला तर तिथे सपाट उणे रेषा. ऐकायला येतंय, पण बोलत नाही.

अशा वेळी संशय एकावरच घ्यायचा: हार्डवेअर हँडशेक. स्कोपच्या मेन्यूत तो चालू होता. म्हणजे ८ नंबरच्या पिनेवर ‘बोल’ असा इशारा मिळेपर्यंत तो गप्प राहणार, आणि माझ्या तीन तारांच्या केबलमध्ये ८ नंबर कुठेच जोडलेला नव्हता. मेन्यूत बंद केला. ताबडतोब मॉडेलचं नाव आणि आवृत्ती पडद्यावर आली.

मग पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरची रेषा, मागितला की आधी हॅशचं चिन्ह येतं, मग ४, मग २५००. ४ म्हणजे पुढच्या संख्येत चार अंक आहेत आणि २५०० म्हणजे तितके बाइट येणार. प्रत्येक बाइट म्हणजे रेषेवरच्या एका बिंदूची उंची. एका बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे ९६०० वर साधारण २.६ सेकंद. प्रोब तपासायचा स्कोपचाच चौकोनी सिग्नल लावला. २५०० च्या २५०० आले. मी खूश.

खरा कपॅसिटर लावला आणि २४७१ आले. परत केलं, २४६८. कधीकधी तर पुढची आज्ञा संगणकातून बाहेरच जाईना, प्रोग्राम लटकायचा. केबल हलवली, वेग कमी केला, अडॅप्टरला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. चौकोनी सिग्नलला मात्र कधीच काही होत नव्हतं, आणि तेच मला खटकत होतं. शेवटी इनपुट ग्राउंडवर टाकून नुसती सपाट रेषा घेतली आणि पोझिशनचं बटण फिरवत ती थोडी थोडी वर सरकवत गेलो. सगळीकडे २५००. मध्यरेषेच्या जरा वर एकाच जागी मात्र निम्म्याहून जास्त बाइट गायब.

जे बाइट आले त्यांची यादी छापली. १६ होते, १८ होते, २० होते. १७ आणि १९ एकही नाही.

१७ म्हणजे एक्स-ऑन, १९ म्हणजे एक्स-ऑफ. सॉफ्टवेअर हँडशेक चालू असेल तर संगणक हे दोन कोड डेटा म्हणून घेतच नाही. ते ‘चालू कर’ आणि ‘थांब’ असे हुकूम समजून गिळतो, आणि १९ नंतर १७ आला नाही की स्वतः पाठवणं थांबवतो. लटकण्याचं कारणही तेच. पहिल्या रात्री लावलेली ती खूण हीच होती, आणि टर्मिनलमधली सगळी सेटिंग मी प्रोग्राममध्ये जशीच्या तशी उतरवली होती. चौकोनी सिग्नल मधल्या पातळ्यांवर रेंगाळत नाही, म्हणून वाचला. कपॅसिटर सावकाश चढतो, तो नेमका तिथून जातो.

ती खूण काढली. २५०० आले.

एक सांगायला हवं. काही जण प्रोबची क्लिप कुठेही लावता यावी म्हणून स्कोपची अर्थिंग तोडून तो चालवतात. ते मुळातच धोक्याचं आहे. त्यात सीरियल केबल जोडली असेल तर क्लिपवरचं व्होल्टेज ५ नंबरच्या तारेतून थेट संगणकापर्यंत जातं. मी फक्त ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या, म्हणजे घरच्या विजेपासून वेगळ्या झालेल्या बाजूला मोजत होतो.

पुढचं सोपं होतं. स्कोपकडून ऑफसेट, गुणक आणि शून्याची पातळी विचारायची. प्रत्येक आकड्यातून ऑफसेट वजा करून गुणकाने गुणायचं आणि शून्याची पातळी मिळवायची. पहिल्यांदा ऑफसेट वजा करायला विसरलो, तर कपॅसिटर उणे व्होल्टपासून भरताना दिसला. तो आलेख मी अजून जपून ठेवला आहे.