धप धप धप, आणि मध्ये एक खाली

गोव्यात हणजूण-वागातोरच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही विचारा की ट्रान्स म्युझिक, म्हणजे पार्ट्यांत रात्रभर नाचायचं ते यंत्रावरचं संगीत, कसं असतं, तो तोंडाने धप धप धप धप करून दाखवेल आणि म्हणेल बस्स, एवढंच. त्याच्या बाजूने बघितलं तर ते खोटं नाहीच, कारण त्याच्या घरापर्यंत तेवढंच पोचतं. वरच्या पट्टीतले बारीक, सरसरणारे आवाज हवेत आणि भिंतीत जिरून जातात, खालचा जाड आवाज मात्र येतोच. किकचा, म्हणजे त्या धप ठोक्याचा, मूळ सूर पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास, त्याची लाट जवळजवळ सहा मीटर लांब, तिला चिऱ्याची भिंत काय अडवणार. म्हणजे गाण्याचा एक थर ऐकून लोक आख्ख्या गाण्याला नापास करतात, आणि रात्री दोन वाजता झोप मोडलेल्या माणसाने उरलेले थर डोंगराआड जाऊन ऐकून यावेत अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. (दहानंतर उघड्यावर वाजवायचं नाही हा नियम 2000 सालापासून आहे, तो विषय काढला तर लेख तिथेच संपेल.)

पण दिवसाउजेडी, गाडीत, खिडक्या बंद करून ऐकलं तर? माझा भाचा हेच ऐकतो आणि म्हापशाहून फोंड्यापर्यंत मलाही ऐकवतो. त्याच्या बापाचं मत ठरलेलं आहे, "हें गाणें न्हय रे, हो मिक्सर." मी लहानपणी काही वर्षं तबला शिकलोय, फार पुढे गेलो नाही पण हाताला मात्रा मोजायची सवय लागली ती लागलीच, त्यामुळे मी आपोआप मोजत बसतो. आणि मोजता मोजता माझं असं मत झालंय की "तेच तेच आहे" हा आरोपच होऊ शकत नाही. तेच तेच तर आहेच. प्रश्न एवढाच की ते तेच तेच कशासाठी धरून ठेवलंय.

तबल्याचा सोलो ऐकायला गेलात तर हार्मोनियमवाला काय करतो? सोळा मात्रांची एक ओळ, लेहरा, तीच, परत तीच, पाऊण तास तीच. त्याने मध्येच कंटाळून दोन स्वर बदलले तर तबलजी असा बघेल की बिचारा पुन्हा हिंमत करणार नाही. तिथे कुणी म्हणत नाही की काय हो तेच तेच वाजवताय, कारण सगळ्यांना माहितीये की लेहरा हे गाणं नाहीये, ती मोजपट्टी आहे, ती हलली तर वरचं काहीच मोजता येणार नाही. ट्रान्समधली किक म्हणजे हा लेहराच, आणि लोक लेहऱ्यालाच सोलो समजून गुण देतात, मग कमीच पडणार की.

आता मजा बघा. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते आणि तिथे डग्ग्याचा घुमार गप्प होतो, धिं चा तिं होतो, ता होतो, चार मात्रा पोटात काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटतं, आणि मग डग्गा परत भरतो आणि आपण समेकडे, पहिल्या मात्रेकडे, निघतो. शेकडो वर्षं आपल्याकडे हे चाललंय, जाड आवाज काढून घ्यायचा म्हणजे तो परत आल्यावर कळतो. डीजे काय वेगळं करतो? सोळा-बत्तीस मात्रा बेस काढून घेतो, वरचे बारीक आवाज तेवढे राहतात, खालून जमीन गेल्यासारखी होते आणि मग धप. त्याला ते लोक ड्रॉप म्हणतात. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मामा, तू सगळंच तबल्यात नेऊन घालतोस. घालणारच, मला तेवढंच येतं.

फरक एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. खाली ठरलेल्या जागी येते, रडायला नको, ओरडायला नको, नवव्या मात्रेला गुपचूप येते. हल्लीच्या बऱ्याचशा गाण्यांत ड्रॉपच्या आधी एवढा तमाशा असतो, टाळ्या दुगुणीत, मग चौगुणीत, मग नुसता थरथराट, खालून वर चढत जाणारी शिट्टी, आणि भाचा स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणतो "मामा, मात्शें राव, आतां येतलें, आतां येतलें" (जरा थांब, आता येईल), आणि येतं काय, तर जे आधी होतं तेच. तेवढंच, त्याच आवाजात. एवढी मोठी तिहाई, तोच तुकडा तीनदा, घेऊन समेवर आलात आणि पुढे साधा ठेकाच धरलात तर त्याला काय म्हणायचं? माझ्या हिशोबात हे गाणं इथे पडलं, आणि तेच तेच आहे म्हणून नाही पडलं, बदल होणार असं सांगून बदल केला नाही म्हणून पडलं.

चांगलं गाणं असं गाजावाजा करत नाही. चांगल्या सायट्रान्समध्ये (ट्रान्सचाच एक प्रकार) ठोक्याचे चार भाग असतात, पहिल्यावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बेस, धप-डु-डु-डु, धप-डु-डु-डु. मिनिटाला 145 ठोक्यांचा वेग धरला तर एकेक भाग सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. एवढ्याशा जागेत किकची शेपटी संपली पाहिजे, नाहीतर ती पुढच्या बेसवर सांडते आणि सगळा चिखल होतो. आणि किक बेसच्या पट्टीत लावलेली पाहिजे, तबला जसा गायकाच्या षड्जाला लावतात तसंच, हातोडी नसली तरी काम तेच. हे ज्याला जमलंय त्याचं नुसतं किक-बेस दोन मिनिटं ऐकवतं, ज्याला नाही जमलं त्याने वर कितीही सतारीचे तुकडे आणि साधूंचे आवाज डकवले तरी काय उपयोग. (आणि ते डकवणं आता थांबवा बुवा, प्रत्येक गाण्यात कुणीतरी ॐ म्हणतंय.)

मग वर काय ऐकायचं, तर रंग. स्वर तेच चार असतात पण त्यांचा पोत हळूहळू फिरवतात, फिल्टर उघडत नेतात, गढूळ आवाज चाळीस सेकंदांत लखलखीत होतो, आणि कधी झाला ते कळत नाही. हे करायला ज्या यंत्राने शिकवलं त्याची गोष्टच गमतीची आहे. रोलंड कंपनीचं टीबी-303, जपानमध्ये 1981 च्या सुमाराला निघालं, हेतू काय तर एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी. आवाज बेससारखा येईना, खपलं नाही, 1984 पर्यंत बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि शिकागोच्या पोरांनी वाजता वाजताच त्याचे खुंट पिळायला सुरुवात केली, 1987 मध्ये त्यातून ॲसिड हाऊस म्हणतात ते नाचाचं संगीत बाहेर आलं. जगाने त्यांना श्रेय दिलं, ठीक आहे, पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजीत सिंग हेच यंत्र घेऊन बसले होते आणि त्यांनी भैरव, ललत, भूपाळी, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. तेव्हा कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड परत निघाली तेव्हा परदेशातले लोक उडाले, की हे तर आमच्या आधीचं. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आता रागदारी कानात असलेल्या माणसाच्या हातात मींड दिल्यावर तो दुसरं काय करणार.

आणि गोवा ट्रान्सचं म्हणाल तर तो प्रकारही सामानावरूनच ठरला. नव्वदच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर तबकड्या चालत नव्हत्या, उन्हात वाकायच्या, म्हणून कॅसेट आणि मग डॅट, म्हणजे डिजिटल, टेपा. टेपवर दोन गाण्यांचे ठोके जुळवणं अवघड, त्यामुळे एक गाणं पूर्ण वाजवायचं आणि दुसरं सुरू करायचं, आणि सुरुवातीला बिनठोक्याची लांब प्रस्तावना ठेवायची, आलापासारखी. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले गोवा गिल, 2023 मध्ये गेले ते, चोवीस चोवीस तास वाजवायचे. लोकांना हे ऐकून नवल वाटतं, मला नाही वाटत, वास्कोला दामोदराच्या सप्ताहात श्रावणात चोवीस तास अखंड भजन चालतं आणि तिथेही रात्री तीनला एकच गजर किती वेळ चाललाय हे कुणी घड्याळात बघत नाही.

इथे एक पळवाट आहे, ती मला मान्य नाही. भाच्याचे मित्र म्हणतात अंकल, हे गाडीत बसून नाही कळणार, तिथे यायला पाहिजे, पहाटेपर्यंत नाचायला पाहिजे, आणि मग डोळा मारतात. नाचायला पाहिजे हे मान्य, गजर खुर्चीत बसून ऐकला तर तोही अर्धाच कळतो. पण जे गाणं चहा पिऊन ऐकल्यावर अजिबात उभं राहत नाही त्याचं श्रेय गाण्याला का द्यायचं? ते श्रेय दुसऱ्याच वस्तूचं आहे.

बाकी नुसत्या पुनरावृत्तीत ताकद आहे हे खरंच. डायना डॉइच नावाच्या अभ्यासक बाईंना 1995 मध्ये असं सापडलं की बोललेलं एखादं वाक्य तसंच्या तसं परत परत वाजवलं तर थोड्या वेळाने ते बोलणं वाटेनासं होतं, गाणंच वाटायला लागतं, वाक्यात काडीचा बदल केलेला नसताना. म्हापशाच्या बसस्टँडवर हा प्रयोग रोज फुकट होतो, कंडक्टर "पणजे पणजे पणजे पणजे" करत असतो, त्यातला पहिला शब्द गावाचं नाव असतो आणि विसाव्याला चाल लागलेली असते, एक दोघे तर शेवटच्या अक्षरावर छान ठेहराव घेतात. म्हणजे कान आपणहून अर्धं काम करतो. म्हणूनच मी आळशी गाण्याला जास्त कडक गुण देतो, श्रोत्याचा कान एवढी मदत करत असताना तुम्ही काहीच करायचं नाही?

भाच्याने आता लॅपटॉपवर स्वतःचं गाणं केलंय. मला ऐकवलं, बापाला नाही. आठ मिनिटं, म्हणजे 145 च्या वेगाने 1160 ठोके. किक सुरेख लागलीय, बेस मात्र तिसऱ्या मिनिटापासून जड, आणि ब्रेकडाऊन, म्हणजे ठोका काढून घेतलेले भाग, दोन, त्यातला दुसरा पहिल्याचीच नक्कल. मी म्हटलं थोडं काप. तो म्हणाला पहिलं आणि शेवटचं मिनिट कापता येत नाही, तिथे नुसता ठोका लागतो, डीजेला पुढचं गाणं त्यावर जुळवायचं असतं. टेपचा जमाना गेला, प्रस्तावनाही गेली. मी म्हटलं बरं, ती दोन राहू दे, पण मग मधल्या सहा मिनिटांत मला एक तरी खाली अशी दे की जी येणार हे तू आधी ओरडून सांगितलेलं नाहीस. तोंड वाकडं केलं त्याने, पण परवा नवीन फाईल पाठवली, साडेसहा मिनिटांची. पाचव्या मिनिटाला बेस गुपचूप जातो, चार ठोके, आणि परत येतो, कसली शिट्टी नाही की काही नाही. दुसरा ब्रेकडाऊन अजून लांबच आहे, तो मी त्याला कापायला लावणार आहे.