तारीख घातलेली पोच

एप्रिल 2025. रोजगार हमीची मजुरी नुकतीच 297 वरून 312 रुपये झाली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी रोहयोचं काम बघतो. त्या सोमवारी पंधरा-वीस बायका आमच्या कक्षात शिरल्या. पुढच्या मावशींच्या हातात नमुना 4, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज. गावात कुणी घेईना म्हणून थेट तालुक्याला आलेल्या.

"काम निघालं की कळवतो, मावशी," मी सवयीनं म्हणालो.

"काम कवा द्यायचं ते बगा सायेब. आदी पोच द्या. शिक्का मारा, तारीख घाला."

शेजारची टेबलं गप्प झाली. तारखेची पोच दिली की 15 दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेरोजगार भत्ता. पहिले 30 दिवस रोजीचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे तेव्हा 78 रुपये; पुढे किमान निम्मी रोजी. मेख होती ती पैशाच्या वाटणीत. अकुशल मजुरी तेव्हा सगळी केंद्राची, भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून. काम दिलं तर केंद्र भरेल, नाही दिलं तर तुम्ही भरा. मग राज्य झक मारून काम काढेल, असा तेव्हाच्या कायद्याचा हिशोब. टेबलापर्यंत येईतो त्याचं झालं भलतंच: पोचच द्यायची नाही. अर्ज नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून तालुक्यात बेरोजगार कुणी नाही!

साहेबांनी आत बोलावलं. "भत्ता बसला तर खुलासा तू देणार का?"

मी म्हटलं, "सर, आपल्या पगारातून महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर जातो. वि. स. पाग्यांनी मांडलेली हमी योजना चालावी म्हणूनच 1975 साली तो बसवला. पैसे घेऊन बसायचं आणि काम नाही म्हणायचं?"

एरवी मी त्यांच्यापुढे इतकं बोलत नाही. ते जरा वेळ फाईल चाळत राहिले. "दे पोच. पण काम तूच शोध."

शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच गावच्या गायरानात सलग समतल चरांचं, म्हणजे उतारावर पाणी अडवायच्या आडव्या चरांचं काम मंजूर होऊन शेल्फवर पडलेलं. पुढाऱ्यांना हवेत सिमेंटचे रस्ते. चरात नुसती मजुरी, कुणाला काय सुटणार? मजुरी आणि साहित्याच्या खर्चाचं 60:40 प्रमाण राखायला खरं तर असलीच कामं लागतात.

मुदतीच्या आत हजेरीपत्रक निघालं. साइटवर गेलो तर मुरूम एवढा कडक की टिकाव उसळून मागं येत होता. मजुरी खणलेल्या कामाच्या मोजमापावर. अंदाजपत्रकात लिहिलेला मऊ मुरूम तसाच धरला असता तर दिवसभर खणूनही 312 कुणाला पडले नसते. तांत्रिक सहायकाला तिथंच मातीची वर्गवारी बदलून कडक मुरमाचा दर लावायला सांगितलं. तो कुरकुरला, पण चरात उतरून चार घाव घातल्यावर त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरच्या बायका आल्या. अर्ज दोन प्रतींत होता.