मधोमध शिवण असलेली चादर

आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, हात अजिबात वापरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन खुर्चीत बसल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं : "बादलीत चादर भिजत घातली आहे. ती काढायची राहिली."

मी म्हटलं, "काढते मी." मला वाटलं होतं, एका चादरीचा काय तो प्रश्न.

तोवर घरकामासाठी माझ्याकडे एकच क्रियापद होतं, उरकणं. केर उरकायचा, भांडी उरकायची, कपडे उरकायचे आणि मग खऱ्या कामाला बसायचं. माझं खरं काम म्हणजे घरातूनच करायची हिशेबाची नोकरी. आईही उरकतच असणार, फक्त ती ते माझ्याहून लवकर उरकते, अशी माझी समजूत होती. घासलेलं भांडं रात्री पुन्हा खरकटं होणार, पुसलेली फरशी सकाळी पुन्हा मळणार. जे टिकतच नाही त्यात जीव काय ओतायचा, असं मला मनापासून वाटायचं.

पहिल्या आठवड्यात मी सगळं केलं आणि बरंचसं बिघडवलं. पडताना आईचं कोपर खरचटलं होतं आणि तिच्या उशीच्या अभ्र्याला रक्त लागलं होतं. डाग चांगला निघावा म्हणून मी अभ्रा कडकडीत पाण्यात टाकला. लाल डाग तपकिरी झाला आणि तिथेच ठाण मांडून बसला. आई म्हणाली, "अगं, रक्ताला नेहमी गार पाणी." का, ते तिला सांगता येईना. मी शोधून वाचलं : रक्तातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि धाग्यांना धरून बसतात, म्हणून आधी गार पाणी आणि मग साबण. उलट तेलकट डागाला कोमट पाणी आणि साबण लागतो, कारण साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. आईला यातलं 'का' ठाऊक नव्हतं, पण 'कसं' कधी चुकलं नव्हतं. आणि माझ्याजवळ 'का' शोधायची सगळी साधनं असताना अभ्रा मात्र कायमचा डागाळला होता.

मग मी वही केली. आई खुर्चीतून सांगायची, मी लिहून घ्यायचे. काचेची भांडी आधी, तेलकट शेवटी. लोकरीचं कापड गरम पाण्यात नको, चोळायचंही नाही, कारण लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकले की कापड आटतं. रंगीत कपडे उलटे करून वाळत घालायचे, म्हणजे ऊन आतल्या बाजूला लागतं. शिवायला दोरा हातभरच घ्यायचा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्याहून लांब घेतला तर तो गुंततो, आणि पुन्हा पुन्हा कापडातून ओढून झिजतोही.

वही भरत गेली, पण एका ठिकाणी अडली. "इस्त्री करताना कपडा किती ओलसर हवा?" मी विचारलं. "हाताला कळतं." "पण किती?" तिनं डाव्या हातानं माझा तळवा धरला आणि शर्टाच्या पाठीवर टेकवला. "हे बघ. गार लागतंय ना, पण हाताला पाणी लागत नाहीये. आत्ता." ते वहीत कसं लिहायचं ते मला कळेना. त्या दिवसापासून मी लिहायचं कमी केलं आणि तिच्याजवळ बसून करायला लागले. ती हात हलवू शकत नव्हती म्हणूनच हे घडलं, असं मला आजही वाटतं. हात धड असता तर तिनं माझ्या हातून काढून घेऊन दोन मिनिटांत स्वतः केलं असतं.

आता त्या चादरीकडे येते. ती मी पहिल्याच दिवशी कशीबशी पिळून वाळत घातली होती. दुसऱ्या आठवड्यात तिची घडी घालताना मधोमध एक लांब शिवण हाताला लागली, अगदी डोक्यापासून पायांपर्यंत. ती शिवण मी लहानपणापासून बघत होते आणि ती चादर विणूनच तशी येते, असं धरून चालले होते. आईला विचारलं. म्हणाली, "मधे विरली होती. झोपून झोपून मधेच विरते ना. मग मधोमध उभी कापली, बाहेरचे चांगले काठ आत आणून जोडले आणि विरलेला भाग दोन्ही कडांना नेला. तिथे कोण झोपतंय?" हे तिनं कधी केलं होतं? मी शाळेत होते तेव्हा. म्हणजे इतकी वर्षं मी तिच्या शिवणीवर झोपत होते आणि मला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी घरभर हिंडले. पडद्याची खालची दुमड एकदा उसवून लांबी वाढवलेली होती, जुनी घडी रेघेसारखी दिसत होती. पिशवीचा बंद दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी, दोन वेगळ्या काळात पक्का केलेला होता. बाबांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, घासलेली बाजू आत. टिकत नाही म्हणून ज्या कामाला मी कमी लेखत होते, त्या कामानं घरातल्या किती वस्तू टिकवल्या होत्या! मी तिथेच पलंगावर बसून राहिले. मला रडू आलं, आणि ते नुसतं हळवेपणाचं नव्हतं, त्यात लाजही होती.

हिशेब हा माझा पेशा आहे, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात मी वेळ मोजला. चार दिवस प्रत्येक कामाची वेळ टिपली. सरासरी दिवसाला साडेपाच तास भरले. साबण संपत आलाय, उद्या पाऊस दिसतोय तर कपडे आजच धुवायला हवेत, हे सगळं डोक्यात धरून ठेवायला लागणारा वेळ यात नाही, कारण तो मोजताच येईना. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2018 चा अहवाल मी तेव्हा पाहिला : जगात रोज 16.4 अब्ज तास बिनमोबदला घरकामात आणि माणसांची देखभाल करण्यात जातात. रोज आठ तासांच्या हिशेबानं ही दोन अब्ज माणसांची पूर्णवेळ नोकरी झाली. त्यातलं 76.2 टक्के काम बायका करतात. आणि देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यात स्वतःच्या घरासाठी केलेला हा स्वयंपाक, ही धुणीभांडी धरली जात नाहीत. हीच कामं पगार देऊन कुणाकडून करवून घेतली, तर तो पगार मात्र धरला जातो.

मी हे दादाला आणि बाबांना जेवताना वाचून दाखवलं. आइसलंडबद्दलही सांगितलं : 24 ऑक्टोबर 1975 ला तिथल्या जवळजवळ 90 टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं होतं, आणि मुलांच्या वडिलांना त्यांना घेऊन कामावर जावं लागलं होतं. बाबा म्हणाले, "आपल्याकडे तर सहा आठवडे बंद आहे." ते गंमतीनं म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून भांडी दादाकडे गेली आणि कपडे वाळत घालणं बाबांकडे. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. घरकामात सुख आहे असं म्हणत ते सगळं एकाच माणसाच्या अंगावर टाकायचं, ही लबाडी मी खूप पाहिली आहे.

आईलाही मी सरळ विचारलं, "तुला हे सगळं आवडायचं का गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असं कुणी विचारलं नाही कधी. शिवणं आवडतं. कपड्याच्या घड्या घालायला आवडतं. भांडी कधीच नाही आवडली." मला ते उत्तर फार खरं वाटलं. मलाही भांड्यांत अजून काही सापडलेलं नाही.

मला जे सापडलं ते रफूत. बाबांच्या स्वेटरला कोपरावर भोक पडलं होतं, रुपयाएवढं. आई म्हणाली, "हे कर. मी बघते." भोकाच्या आत तिनं एक निकामी बल्ब धरायला सांगितला, म्हणजे खालून गोलाई मिळते आणि कापड ताणलं जात नाही. टोकदार सुई नको, बोथट हवी, कारण टोकदार सुई लोकर फाडते. सुरुवात भोकाच्या काठापासून करायची नाही, चांगलं बोटभर आधीपासून करायची, कारण काठाची लोकर आधीच कमकुवत झालेली असते. आधी उभे धागे, जवळजवळ. प्रत्येक वळणावर बारीकसा फास मोकळा सोडायचा, कारण नवी लोकर धुतल्यावर आटते आणि तिला तेवढी जागा लागते. मग आडवे धागे, एक वर, एक खाली, पुढच्या ओळीत बरोबर उलटं.

पहिल्या वेळी मी धागा ओढला. भोक बुजलं पण भोवतीचं सगळं चुणीत गोळा झालं. उसवलं. दुसऱ्या वेळी आडवे धागे दोनदा सलग वरून गेले. तेही उसवलं. तिसऱ्या वेळी रात्री दिव्याखाली बसले. कधीतरी मोजणं थांबलं. सुई खाली जायची, वर यायची, बोट धाग्याचा ताण ओळखायचं आणि मी डोक्यात काहीच म्हणत नव्हते. किती वेळ गेला कळलं नाही. दिवसभर हिशेबाच्या पडद्यासमोर मी दमते तेव्हा मन ओरबाडल्यासारखं होतं. त्या रात्री मी दमले होते, पण भरल्यासारखं वाटत होतं. हे कोपर बाबा टेबलावर टेकवणार, हात वाकवणार, आणि माझं काम दिसणार नाही, ही कल्पनाच मला फार आवडली. आईच्या चादरीची शिवण मला तेव्हा आतून समजली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आईचा हात बारीक झालेला दिसला. मनगट पूर्ण वळत नव्हतं, मूठ मिटत नव्हती. रोज कोमट पाण्यात हात बुडवून व्यायाम करायचे होते. तिनं सुई मागितली. नेढ्यात दोरा जाईना म्हणून मी ओवून दिला, पण शिवण्याआधी ती म्हणाली, "तो स्वेटर आण."

तिनं तो उलटा केला, खिडकीशी नेला आणि अवघडलेल्या बोटांनी रफूवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग सुईच्या टोकानं खालच्या दोन ओळी हळूच उसवल्या आणि स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला.

"इथे घट्ट झालंय. एवढंच परत कर."

मी बल्ब शोधायला उठले.