मराठी माध्यमातून अर्थशास्त्रात बीए: वही, आलेखाचा कागद आणि आकडे

प्रवेशाचं थोडक्यात उरकतो. पुण्यात पदवीला अर्थशास्त्र घ्यायचं तर ढोबळमानाने दोन वाटा दिसतात. एक फर्ग्युसन, एस. पी., मॉडर्न अशा कॉलेजांमधलं बीए, दुसरी गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतलं (पुढे नुसतं 'गोखले संस्था') बीएस्सी. मागणी-पुरवठा दोन्हीकडे तोच. बीएस्सीला गणित पहिल्यापासून मानगुटीवर बसतं, बीएला ते बऱ्यापैकी टाळून पदवी पदरात पाडता येते. ही सोय महागात पडते, ते पुढे येईलच. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय निवडावा लागतो. वेळापत्रकात बसत असेल तर तिथे गणित किंवा संख्याशास्त्र घ्यावं. 'स्कोअरिंग' म्हणून तिसराच विषय घेणाऱ्यांना नंतर क्लासची फी भरून तेच गणित शिकावं लागतं.

मी बीए केलं, मराठी माध्यमातून येऊन. पेपर मराठीत लिहिता येतो, पण चांगली पाठ्यपुस्तकं आणि सगळी आकडेवारी इंग्रजीत. त्यावर उपाय म्हणून पहिल्या आठवड्यापासून दोन रकान्यांची वही ठेवली. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे देवनागरीत इंग्रजी शब्द, खाली एक उदाहरण. समवृत्ती वक्र म्हणजे इनडिफरन्स कर्व्ह, सीमांत म्हणजे मार्जिनल, इथवर सोपं आहे. गोची होते ती रोजच्या वापरातल्या शब्दांची. 'खर्च' हा एकच शब्द कॉस्टलाही आणि एक्स्पेंडिचरलाही. उत्पादन खर्चाच्या प्रकरणात त्याचा अर्थ एक, राष्ट्रीय उत्पन्नाच्या खर्च पद्धतीत दुसरा. 'गुंतवणूक' तर त्याहून फसवी. घरी आपण सोनं, एफडी, कोथरूडमधला जुना फ्लॅट, सगळ्यालाच गुंतवणूक म्हणतो. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना मात्र जुना फ्लॅट विकत घेणं ही गुंतवणूक धरत नाहीत, कारण त्यातून नवीन काहीच उभं राहिलं नाही, फक्त मालक बदलला. त्या व्यवहारातली दलाली मात्र धरतात, कारण ती यंदाची सेवा आहे. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

असाच दुसरा घोळ मागणीचा. कांदा महागला म्हणून कमी घेतला, तर तो मागणीचा संकोच: वक्र जागेवर, आपण त्याच वक्रावर वर सरकलो. पगार वाढला म्हणून त्याच भावाला जास्त घेतला, तर ती मागणीतली वृद्धी: अख्खा वक्र उजवीकडे. अकरावी-बारावीच्या पुस्तकात याला 'विचलन' आणि 'बदल' अशी नावं आहेत. पाठ सगळ्यांची असतात, पण आकृती काढताना निम्मे जण भाव वाढला की वक्रच डावीकडे सरकवून मोकळे होतात.

आकृत्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. गाईडमधल्या आकृत्या बघून काढल्या तर हात वळतो, पण रेषा तिथेच का छेदते ते कळत नाही. म्हणून आधी आकडे मांडायचे, मग आलेखाच्या कागदावर बिंदू, मग रेषा. उदाहरणार्थ, स्थिर खर्च ६० रुपये. बदलता खर्च एका नगापासून सहा नगांपर्यंत अनुक्रमे ४०, ७०, ९०, १२०, १६५, २२८. यातून सीमांत खर्च, म्हणजे एक नग वाढवला की वाढणारा खर्च, निघतो ४०, ३०, २०, ३०, ४५, ६३. सरासरी बदलता खर्च ४०, ३५, ३०, ३०, ३३, ३८. सरासरी एकूण खर्च १००, ६५, ५०, ४५, ४५, ४८. आता नीट बघा: चौथ्या नगाला सीमांत खर्च ३०, आणि सरासरी बदलत्या खर्चाचा तळही ३०. पाचव्याला सीमांत खर्च ४५, आणि सरासरी एकूण खर्चाचा तळ ४५. सीमांत खर्चाची रेषा दोन्ही सरासऱ्यांना त्यांच्या तळाशीच छेदते, कारण नवा नग सरासरीपेक्षा स्वस्त असेतो सरासरी खाली ओढली जाते आणि महाग झाला की वर. हा तक्ता एकदा हाताने केला की परीक्षेत रेषा भलतीकडून जात नाही. तळाला चार आणि पाच अशा दोन्ही नगांवर ४५ का, असा प्रश्न पडला तर उत्तम. आपण पूर्ण नग मोजतोय, वक्र सलग नाही, एवढंच कारण.

अक्षांबद्दल एक सूचना. गणितात ज्यावर सगळं अवलंबून ते चल आडव्या अक्षावर असतं. अर्थशास्त्रात आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञापासून किंमत उभ्या अक्षावर घेण्याची रीत पडली आहे. गणित मायनर असलेले इथे हमखास गडबडतात आणि उतार उलटा काढतात.

लवचिकतेत, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते यात, तर दर वर्षी गुण जातात. समजा वडापाव १५ रुपयांचा २० झाला आणि गाडीवर दिवसाला १२० ऐवजी १०० खपले. किमतीतली वाढ ३३.३ टक्के, मागणीतली घट १६.७ टक्के, लवचिकता ०.५. आता उलट जा, २० वरून १५. किंमत २५ टक्के उतरली, मागणी २० टक्के वाढली, लवचिकता ०.८. बिंदू तेच दोन, उत्तरं दोन. म्हणून पायाला दोन किमतींची आणि दोन मागण्यांची सरासरी घेतात: ५ भागिले १७.५ आणि २० भागिले ११०, उत्तर सुमारे ०.६४, कुठूनही निघालात तरी. पडताळा विक्रीवर: आधी १,८०० रुपये, नंतर २,०००. भाव वाढूनही गल्ला वाढला, म्हणजे लवचिकता एकपेक्षा कमी असलीच पाहिजे. उत्तर १.६ येत असेल तर भागाकार उलटा झालाय. आणि उतार म्हणजे लवचिकता नव्हे. सरळ रेषेच्या मागणी वक्रावर उतार सगळीकडे सारखा असतो, लवचिकता मात्र बरोबर मध्यावर एक, वर जास्त, खाली कमी.

हेच गणिताने: किंमत = २० − २ × नग. एकूण प्राप्ती, म्हणजे विक्रीतून येणारे पैसे, २० × नग − २ × नगांचा वर्ग. तिचं अवकलन (डिफरन्सिएशन) केलं की सीमांत प्राप्ती २० − ४ × नग. ती पाच नगांवर शून्य होते, तिथे किंमत १०, लवचिकता बरोबर एक. दोन पानांचं वर्णन चार ओळींत बसतं. बीएच्या पेपरला हे कुणी सक्तीने विचारत नसलं तरी पदव्युत्तर प्रवेशासाठी याच्याशिवाय भागत नाही. गोखले संस्थेची एमएची प्रवेश परीक्षा असो, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी असो किंवा २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर सुरू झालेली आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा, अवकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता लागतेच. तयारी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सुरू करावी. शेवटच्या वर्षी प्रकल्प आणि प्रवेश परीक्षा एकाच वेळी अंगावर येतात.

सूक्ष्मलक्षी (एकेका ग्राहकाचं, उत्पादकाचं अर्थशास्त्र) जमलं की समग्रलक्षी (अख्ख्या देशाचं) पचतं, असं म्हणतात. माझ्या मते तिथली अडचण वेगळी आहे, आकड्यांची. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते आणि मराठीतही मिळते. सुरुवात तिच्यापासून करावी, मग रिझर्व्ह बँकेची आकडेवारी. चुका ठरलेल्या आहेत. पहिली, एककांची: १ अब्ज म्हणजे १०० कोटी आणि १ लाख कोटी म्हणजे १ ट्रिलियन, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरी, वर्षाची: भारताची आकडेवारी एप्रिल ते मार्च असते. जागतिक बँकेच्या तक्त्यात '२०२०' म्हणून दिसतं ते आपलं २०२०-२१. दोन्ही तक्ते शेजारी लावले की करोनाची घसरण एक वर्ष इकडेतिकडे होते. तिसरी, आधारवर्षाची, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून मालिका मोजतात त्याची: २००४-०५ च्या मालिकेला २०११-१२ ची मालिका तशीच जोडली की मध्येच खोटी उडी दिसते.

चौथी चूक जास्त मुरलेली आहे. चालू किमतींना उत्पन्न १०० चं १८० झालं, किमतींचा निर्देशांक १०० चा १४०. मुलं वजाबाकी करून वास्तव वाढ, म्हणजे महागाई वगळून झालेली वाढ, ४० टक्के लिहितात. भागाकार करायचा: १८० भागिले १.४, म्हणजे १२८.६, वाढ २८.६ टक्के. छोट्या दरांत, १२ वजा ५ वगैरे, वजाबाकीने जवळपास बरोबर उत्तर येतं. त्यामुळेच सवय लागते आणि मोठ्या आकड्यांत ती उघडी पडते. तसंच, व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर तो 'दोन टक्क्यांनी' नाही, दोन टक्केबिंदूंनी वाढला. टक्क्यांतच सांगायचं तर वाढ ५० टक्के आहे.

संख्याशास्त्राबद्दल फार लिहीत नाही. हाताने एकदा, मग एक्सेलमध्ये, आणि प्रमाण विचलनाची उत्तरं जुळेनात तर भागताना एकीकडे निरीक्षणांची संख्या आणि दुसरीकडे ती संख्या वजा एक घेतलंय का, ते आधी बघा.

पुण्यात शिकण्याचा खरा फायदा मला प्रकल्पाच्या वेळी कळला. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून याच शहराचं सर्वेक्षण केलं होतं, पहिला भाग १९४५ चा. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेली दारिद्र्यरेषा, माणशी रोज २,२५० कॅलरी आणि १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस, हीदेखील पुण्यातल्याच अर्थशास्त्रज्ञांनी काढलेली. ते वाचताना निष्कर्षापेक्षा पद्धत बघावी: काय मोजलं, काय सोडलं, का सोडलं.

माझा प्रकल्प साधा होता: गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला टोमॅटोचा घाऊक भाव आणि महात्मा फुले मंडईतला किरकोळ भाव, यांतलं अंतर. सहा आठवडे, ठरलेले वार, ठरलेली वेळ. वेळ बदलली की भाव बदलतो, संध्याकाळी उरलेला माल उतरत्या भावाने जातो. प्रत वेगळी असेल तर तुलनाच रद्द, म्हणून 'मध्यम, लालसर' असा वर्ग पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचा. घाऊक भाव क्विंटलचा, किरकोळ बहुतेकदा पाव किलोचा. १,८०० रुपये क्विंटल म्हणजे किलोला १८, आणि मंडईत ३०, मग विक्रेत्याला किलोमागे १२ रुपये सुटतात असं लिहिलं की फसलात. १०० किलोतला १२ किलो माल सडला-चेपला तर विकायला ८८ किलोच उरतो, म्हणजे विकल्या जाणाऱ्या किलोची खरेदी २०.४५ ला पडली. मार्जिन साडेनऊच्या आसपास, आणि त्यातून टेंपो, हमाली, गाळ्याचं भाडं अजून जायचंय. नासाडीचं प्रमाण विक्रेत्याला थेट विचारलं तर तो अंदाजे काहीही सांगतो. सकाळी किती क्रेट आणले आणि रात्री किती फेकले, हे विचारलं तर आकडा मिळतो.

आणि पाव किलोच्या भावाला चारने गुणू नका. किलोभर घेणाऱ्याला मंडईत थोडं स्वस्त पडतं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच गुणाकारावर आला होता.