तुम्ही विचारलंत म्हणून: त्या हवालदाराचं वकीलपत्र

‘बाई असून तुम्ही त्याची केस घेतलीत कशी?’ बार रूममध्ये, माहेरी, मुलीच्या मैत्रिणींकडून, इतकी वर्षं हेच ऐकतेय. तर तुम्ही विचारलंत म्हणून.

लष्करातला हवालदार. सहकाऱ्याच्या बायकोचा फॅमिली क्वार्टरमध्ये विनयभंग केल्याचा आरोप. आर्मी ॲक्टच्या कलम ६९ खाली जनरल कोर्ट मार्शल, म्हणजे लष्कराच्याच कोर्टात खटला. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमानं खटला उभा राहतो, त्याच्याच हुकमानं निवाडा करणारे अधिकारी नेमले जातात, किमान पाच. मत सर्वांत कनिष्ठ सभासदाला आधी विचारतात, वरिष्ठाचं ऐकून त्याचं बदलू नये म्हणून. कायद्यालाच ही धास्ती आहे, मग आरोपीच्या बाजूनं बाहेरचं कुणी उभं राहायला नको? बडतर्फ झाला असता तर सोळा वर्षांची नोकरी मातीत गेली असती. शिवाय गार्ड रजिस्टरमधली वेळ तिच्या सांगण्याशी जुळत नव्हती. हे सगळं मी आजही ठामपणे सांगेन.

त्याचा भाऊ म्हणाला, ‘ताई, तिच्या फोनचं काढा, कुणाकुणाशी बोलते ते.’ मी नाही म्हटलं. पुराव्याच्या कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीनंतर असल्या खटल्यात संमती दाखवायला बाईचा पूर्वीचा संबंध काढता येत नाही, आणि येत असता तरी मी काढला नसता. इथवर मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

ती साताऱ्याकडची. हिंदी मोडकंतोडकं, म्हणून साक्ष मराठीत, दुभाष्यामार्फत. हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. सरकारी बाजूच्या अधिकाऱ्यानं विचारलं, मग काय झालं? ती खाली बघून म्हणाली, ‘माझ्या अंगाला झोंबला.’ दुभाष्या अडखळला. मग त्यानं इंग्रजीत सांगितलं, तो माझ्या अगदी जवळ आला. तेच टाइप झालं. सरकारी अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, कोर्टाला कायद्याचा सल्ला देणाऱ्या जज ॲडव्होकेटलाही नाही. तो शब्द कळलेले चौघंच: ती, दुभाष्या, माझा पक्षकार आणि मी. पक्षकारानं मान खाली घातली. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. उठले नाही. साक्ष वाचून दाखवली तेव्हा तिनं मान डोलावली. उलटतपासणीत मी त्या वाक्याच्या वाटेलाच गेले नाही. वेळ, रजिस्टर, दाराची कडी, बस.

दोषी नाही. कारणांच्या चार ओळींत होतं: वेळेचा मेळ बसत नाही, आणि अंगाला हात लावल्याचं साक्षीत स्पष्ट आलेलं नाही.

सरकार पक्षाची भोकं बुजवणं आपलं काम नाही, असं मला सीनियरनी शिकवलं होतं. त्या भरवशावर मी बरीच वर्षं निवांत झोपले. पण तो शब्द तिचा होता. सरकार पक्षाला कळला नाही, त्यात तिची काय चूक? आणि उठले असते तर ज्यानं माझ्यावर विश्वास टाकला त्याच्याशी तो दगा होता. रजिस्टर खोटं नव्हतं. त्यानं मान का खाली घातली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असंच म्हणते.

गेल्या वर्षी तशीच एक केस आली. घेतली. फिर्यादी बाई तमिळ बोलणारी आहे. मला तमिळ येत नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला हायसं वाटलं.