म्हातारा सावकाश बोलतो

दुपारी बसले होते कामाला, उघडला गेला ‘मिनिट’ नावाचा गेम. २०१८चा, चौघांनी मिळून केलेला. काळा आणि पांढरा, तिसरा रंग नाही. सुरुवातीलाच एक तलवार सापडते, ती उचलली की शाप लागतो: दर ६० सेकंदांनी मरण. मेलं की पुन्हा आपल्या घरात. मिळवलेल्या वस्तू तेवढ्या जवळ राहतात, बाकी परत दारातून पळत सुटायचं.

आणि अशा या धावपळीत, दीपगृहापाशी, एक म्हातारा उभा असतो. त्याच्याशी बोलायला जावं तर एक अक्षर उमटतं. मग दुसरं. इकडे सेकंदांचा आकडा भराभर उतरतोय आणि याचं आपलं निवांत चाललंय. काहीतरी कामाचं सांगणार हे दिसतं, पण घाई म्हणून नाही. त्याचं ऐकून घ्यायचं तर दुसरं काही करायला वेळच उरत नाही. अमक्यासाठी आयुष्य घालवलं असं आपण उगाच म्हणतो. इथे खरोखरच एक जीव त्याच्या पायी घालवावा लागतो.

मी घालवला. आनंदाने घालवला. कारण माझी जुनी खोड आहे, गेममध्ये जो भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि बोलून झालं की पुन्हा एकदा बोलायचं. तेच वाक्य परत आलं की मगच सोडायचं. राज्य बुडत असो, जग संपायला आलेलं असो, मी आपली कडेला उभ्या असलेल्या कुणा बिनमहत्त्वाच्या बाईला विचारतेय, अजून काही? आणि क्वचित ती दुसऱ्यांदा वेगळंच बोलते. त्या क्वचितसाठी हा सगळा खटाटोप.

हे रेंगाळणं बहुधा ताईमुळे अंगी लागलं. आम्ही दोघी ‘सुपर मारिओ’ खेळायचो. एकीचा जीव गेला की दुसरीची पाळी, हा गेमचाच नियम. ताईचा जीव लवकर जायचा नाही. मी कच्चा लिंबू. पहिल्याच चालत्या मशरूमला धडकायचे आणि पुन्हा मांडी घालून तिचा खेळ बघत बसायचे. मग मला युक्ती सुचली. पुढे जायचंच नाही! सुरुवातीच्या जागी कोणी शत्रू येत नाही. तिथेच उभं राहायचं, जागच्या जागी उड्या मारायच्या, कंट्रोलर आपल्या हातात.

“अगं, जा ना पुढे!” ताई चिडायची. पण वर ४००पासून उतरणारा आकडा होता ना. तो शंभरावर आला की संगीत धावायला लागायचं, ताई खूश व्हायची, आणि शून्याला मारिओ काही न करता मरायचा. तोवर माझं सगळं बघून झालेलं असायचं. डावीकडची टेकडी, विटा, ढग. असंच बघता बघता एकदा लक्षात आलं की खालचं झुडूप म्हणजे वरचा ढगच आहे! वळसे तेच, रंग फक्त हिरवा. मला वाटलं, एक ढग दमून खाली बसलाय. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “मर लवकर.”

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की ते खरंच एक चित्र दोनदा रंगवलेलं आहे. १९८५चा तो अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज फोनवर काढलेला साधा फोटोही तेवढ्यात मावत नाही. म्हणून ढगाचंच झुडूप.

तेव्हा ती अडचण होती, आता हौस आहे. आजच्या यंत्राला लाखो रंग येत असताना कुणीतरी दोनच घेऊन बसतं, आणि त्या दोघांत झारी झारीसारखी दिसते, कुत्रा कुत्र्यासारखा. असे गेम छोटे असतात. ‘दोन-तीन तासांत संपला’ अशी तक्रार लोक का करतात, मला कळत नाही. मोठमोठ्या गेममध्ये माझा निम्मा वेळ घोड्यावरून माळ तुडवण्यात जातो, आणि डोक्यात तेव्हा भलतेच विचार चालू असतात. इथे एका मिनिटात भलता विचार शिरायला जागा कुठे आहे?

गेम पूर्ण केला की दुसरी फेरी खुली होते. तिच्यात साठाऐवजी चाळीस सेकंद. मी काही त्या वाटेला गेले नाही. ताईला फोनवर सांगितलं, तर ती लगेच, “चाळीस? बघतेच.” म्हटलं, आधी साठ तर खेळ, आणि दीपगृहापाशी एक म्हातारा आहे, त्याचं पूर्ण ऐक.

रात्री तिचा मेसेज आला, “याला पुढे ढकलायचं बटण कुठलं?”