दर्याकाजवा

आमच्या निशी-कासाईत रविवारी सकाळी सात-आठ मुलं माझ्याकडे मराठी वाचायला येतात. सगळी तोक्योत वाढलेली. जूनमध्ये धड्यात 'काजवा' आला आणि आम्ही तिथेच थांबलो. पावसाच्या तोंडावर पुरुषवाडीला, भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं कशी लुकलुकतात ते मी सांगत होते. जपानी 'होतारु' हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता, पण काजवा एकानेही पाहिलेला नव्हता. मग माझ्या लेकीने विचारलं, "उमिहोतारु म्हणजे समुद्रातला काजवा का गं?"

हे नाव मुलांना ठाऊक होतं ते रस्त्यामुळे. कावासाकीहून निघालेला आक्वालाइन या महामार्गाचा बोगदा तोक्यो आखाताखालून साडेनऊ किलोमीटर जातो आणि भर समुद्रात एका थांब्यावर वर येतो. त्या थांब्याचं नाव उमिहोतारु. तिथे आइस्क्रीम मिळतं, एवढीच मुलांची ओळख. ते नाव एका जिवंत प्राण्याचं आहे, हे कळल्यावर तो दाखवल्याशिवाय माझी सुटका नव्हती.

सप्टेंबरच्या अखेरीस, अमावास्येच्या आसपास, आम्ही तीन कुटुंबं बोसो द्वीपकल्पाच्या टोकाला तातेयामाला गेलो. सामान अगदी साधं: जॅमच्या रिकाम्या बरण्या, झाकणांना पाडलेली भोकं, दोरी आणि आत कोंबडीच्या काळजाचे तुकडे. उमिहोतारु दिवसा वाळूत दडून बसतो आणि रात्री मेलेलं मांस शोधत बाहेर पडतो. धक्क्यावरून बरण्या तळाशी सोडल्या आणि सगळे टॉर्च बंद करायला लावले. हा अर्धा तास मी मुद्दाम ठेवला होता. आमच्या मुलांनी खरा अंधार पाहिलेलाच नसतो. रस्त्यावरचे दिवे पडद्याआडूनही खोलीत येतात. पहिली पाच मिनिटं कुरकुर झाली, मग आवाज आपोआप खाली आले.

बरणी वर ओढून पाणी पांढऱ्या ताटलीत ओतलं. ओततानाच त्यातून निळा धूर निघाल्यासारखं झालं. कुणी ओरडलं नाही. नुसता श्वास ऐकू आला.

मग लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात प्राणी पाहिले. तांदळाच्या कणीएवढे, जेमतेम ३ मिलिमीटरचे, दोन पारदर्शक शिंपल्यांत बसलेले, मधे काळा डोळा. नावात काजवा असला तरी हे कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातले. काजव्याचा दिवा त्याच्या पोटात असतो, तो त्याच्याबरोबरच हिंडतो. हा मात्र तोंडाजवळच्या ग्रंथींतून दोन द्रव्यं पाण्यात फेकतो: उजेड देणारं ल्युसिफेरिन आणि ती क्रिया घडवून आणणारं ल्युसिफरेज. पाण्यातल्या प्राणवायूशी गाठ पडली की निळा उजेड होतो, उष्णता जवळजवळ नाहीच. "म्हणजे तो उजेड थुंकतो!" एक मुलगा म्हणाला. मी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.

"त्याला आनंद होतो म्हणून चमकतो का?" सर्वांत धाकटीने विचारलं. नाही, हे सांगणं मला जड गेलं. एखाद्या माशाने गिळलं की तो उजेड सोडतो. मासा दचकतो, पुष्कळदा थुंकून टाकतो. तिने ताटली हलवणं लगेच थांबवलं. असल्या सहलीत मुलांना "हलव, अजून हलव" असं सांगणारे मोठे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. जो उजेड आपण बघायला आलो, तो त्या जिवाची घाबरगुंडी आहे, हे मुलांना त्याच जागी, त्याच वेळी कळायला हवं.

त्यानंतरचा प्रयोग वाळवलेल्या उमिहोतारुंवर केला. चिमूटभर पूड तळहातावर, वर दोन थेंब पाणी, बोटाने चोळायचं. हात निळा झाला. मेलेला प्राणी कसा चमकतो, यावर बराच वाद झाला. रसायनं वाळली तरी शिल्लक राहतात आणि पाण्याची वाट बघतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनी १९५६ साली नागोया विद्यापीठात याच प्राण्याच्या ल्युसिफेरिनचे स्फटिक मिळवले. तेव्हा ते विशीतच होते. पुढे अमेरिकेत चमकत्या जेलीफिशवर केलेल्या कामासाठी २००८ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. त्या जेलीफिश पकडायला त्यांची बायको आणि मुलंही जाळी घेऊन किनाऱ्यावर यायची. हा भाग मुलांनी दोनदा सांगायला लावला.

निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर गुहागरच्या आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रात्री वल्हं मारलं की पाणी पेटतं." तिथला उजेड अगदी बारीक एकपेशीय जिवांचा, हे मी सांगेपर्यंत मुलांनी उमिहोतारुचं मराठी नाव ठरवूनही टाकलं होतं: दर्याकाजवा.

ताटली धक्क्याच्या कडेवरून हळूच रिकामी केली. एक निळी रेघ खाली गेली, पसरली, विझली. धाकटी पोटावर झोपून पाण्यात बघत होती. "आता घाबरू नका हं," ती त्यांना मराठीत म्हणाली.